पत्ती, आरी आणि थोरली पाती

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझी बायको हातभर लोखंडापायी मला सोडून माहेरी गेली.

‘सोडून’ म्हणजे तसं सोडून नव्हे. चार दिवस जाऊन येते, असंच म्हणाली होती. पण ट्रंकेत भरलेली लुगडी चार दिवसांची नव्हती, एवढं गणित मला येत होतं. (संस्थानं विलीन झाली तेव्हा जी मंडळी इकडून तिकडे हलवली गेली, त्यांत मी देवासहून धारच्या कचेरीत कारकून म्हणून येऊन पडलो होतो. गणित हाच माझा धंदा!)

भांडणाचं मूळ होतं झोपाळा. कुमुदच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, लग्नात मुलीला स्वतःच्या घरातला झोपाळा काढून दिला. सागवानी फळी, अंगठ्याएवढ्या जाड चार लोखंडी कांबी, कांबींच्या मध्यावर पितळी मोर. तात्यांच्या घराचं आढं उंच. धारला आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराचं आढं इतकं खाली, की माझ्यासारख्या बुटक्या माणसानंही टाचा उंचावल्या तर हात लागावा! मोठ्या हौसेनं आम्ही झोपाळा टांगला आणि फळी थेट जमिनीवर टेकली. चार मोर पहारा देताहेत आणि मधे आम्ही दोघं मांडी घालून बसलोय! त्याला झोपाळा म्हणायचं की पाट, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

“कांबी वरून हातभर कापून आणा ना लोहाराकडून,” कुमुद म्हणायची.

“उद्या,” मी म्हणायचो.

असे पुष्कळ उद्या झाल्यावर एकदा ती म्हणाली, “तुमच्यानं नाही व्हायचं. तुम्हाला पेन्सिलीला टोक करता येत नाही.”

“मला? लोहार कशाला, मी स्वतः कापतो! माझ्या या हातांनी!”

“कधी?”

इथं थांबायला हवं होतं. पण मी थांबणाऱ्यांतला नव्हे! मी म्हणालो, “आणि नाहीच कापल्या तर काय आभाळ कोसळणार आहे? एका फळीवाचून कुणाचं अडलंय? विकून टाकू!”

कुमुदची आई ती लहान असताना गेली. आईची तिला एवढीच आठवण होती: झोपाळ्यावर आईच्या मांडीवर डोकं आहे आणि वर मोर पुढेमागे होताहेत. हे मला ठाऊक होतं. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर ठाऊक झालं, असं म्हणणं जास्त बरोबर.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं झोपाळा उतरवायला लावला, मोर पुसले, कांबी जुन्या धोतरात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आणि ट्रंक भरली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवर बसमध्ये बसल्यावर म्हणाली, “चैत्रात गौर मांडायची ती मी माझ्या झोपाळ्यावर मांडणार. टांगलात की कळवा. नाही टांगलात तर मी देवासला पाटावर मांडीन. मग अक्षय्यतृतीयेपर्यंत गौर हलत नाही, आणि मीही नाही.”

आणि बस गेली. मी धुळीत हात हलवत उभा.

पहिले काही दिवस मी मजेत होतो. (हे मी कचेरीत सांगत असे.) घरी आलो की कंदील पुसायचा, पिठलं करायचं, ते करपलं की तेच खायचं. बोलायला कुणी नाही. आईवडील कधीच गेलेले, वाढवलं ते काकांनी, आणि काका नोकरी संपल्यावर नेमावरला नर्मदाकाठी जाऊन राहिलेले. तेव्हा मी भिंतीवरच्या पालीशी बोलू लागलो. बरी होती बिचारी, मधेच चुकचुकायची. आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. पुढं लक्षात आलं, मी ‘उद्या’ म्हटलं की ती नेमकी चुकचुकते! मग मी तिच्याशीही बोलणं सोडलं.

पत्र लिहावं, तर आधी कुणी लिहायचं हा प्रश्न होता. माझ्या मते तिनं. तिच्या मते काय होतं, ते पत्र न आल्यामुळं मला कळलं.

शेवटी एका रविवारी उठलो, आणि नालछ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी भेरूलालचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, तिथं जाऊन उभा राहिलो. आता धारमधली आमची मराठी म्हणजे घरात एक आणि उंबऱ्याबाहेर दुसरी. दुकानात शिरताच माझ्या तोंडून आपोआप निघालं, “लोहा काटने की आरी दो. और पत्ती. सबसे कडक पत्ती!”

भेरूलालनं दोन पाती समोर ठेवली. एक उचलून दोन्ही हातांनी धनुष्यासारखं वाकवलं आणि सोडलं. ते टणकन सरळ झालं.

“भिया, या लचकवाली. मुड़ेगी, पन टूटेगी नी. और वा कड़क. काटेगी फर्राट, पन हाथ जरा टेढ़ा हुयो के गई! नयो हाथ हो तो लचकवाली ले जाओ.”

“नया हाथ किसका? कडक दो!”

“लोहार के यां दे दो नी, भिया. दो घाव में काम.”

“मैं खुद काटूँगा!”

भेरूलालनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि कडक पातं कागदात गुंडाळलं.

घरी येऊन मी करवतीच्या चौकटीत पातं ताणून बसवलं, कांब दोन पायांत धरली आणि सुरू केलं. पुढे, मागे. पुढे, मागे. आवाज असा निघाला की गल्लीतली कुत्री रडायला लागली. (त्यांच्याही बायका माहेरी गेल्या असाव्यात, असं मला वाटून गेलं.) घाम कानांतून गळायला लागला तेव्हा थांबून पाहिलं. कांबीवर एक ओरखडा होता. नखानं काढावा तेवढा! मी चिडलो, जोर केला, आणि टण्ण! पात्याचा अर्धा भाग चौकटीत आणि अर्धा तांदळाच्या डब्यामागं!

दुसरं पातं आणलं. टण्ण. तिसरं आणलं. ते मोडलं नाही, पण त्याचे दाते असे झिजले की त्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. मग पुन्हा कडक. पुन्हा टण्ण. मी दुकानाच्या पायरीशी दिसलो की भेरूलाल लांबूनच ओरडायचा, “कई हुयो भिया, फेर टूटी गी?”

“तुम्हारी पत्ती में धार नहीं है!”

“धार तो गाँव को नाम है, भिया. पत्ती की धार हाथ से आवे.”

गिऱ्हाइकं हसायची. एकदा त्यानं आवाज खाली आणून विचारलंदेखील, “सच्ची बताओ, काट कई रिया हो? किसी की सलाख-वलाख?” तोवर घरमालकीणबाईंनीही दारातून डोकावून विचारलं होतं, “खिडकीचे गज जागेवर आहेत ना हो?”

फाल्गुन निम्मा सरला. होळीला सगळी गल्ली रंगली. माझ्या अंगावर कुणी रंग टाकला नाही. बायको घरी नसलेल्या माणसावर टाकून काय मजा, असं त्यांना वाटलं असणार. मी कोरा ठणठणीत घरी आलो आणि त्या दिवशी मला तात्यांची पाती आठवली.

तात्या देवासला संस्थानच्या फरासखान्यात होते. फरासखाना म्हणजे दरबारचे तंबू, कनाती, गालिचे यांचं खातं. तंबूंच्या लोखंडी कांबी कापायला त्यांच्याकडे विलायती पाती असत. लग्नाच्या पंगतीत तात्यांनी मला त्यांचं वर्णन करून सांगितलं होतं: “जावईबापू, त्या पात्यानं आम्ही तोफ कापली असती. हुकूम नव्हता म्हणून राहिली!” त्यांतली काही पाती त्यांनी निवृत्तीनंतर तेल लावून घरी जपून ठेवली होती. ठरलं! तात्यांकडून पातं मागवायचं. कुमुदला पत्र लिहायचं नाही, म्हणजे मानही राहिला, आणि कांबी कापायच्या आहेत ही बातमीही तिच्या कानावर गेली!

धारहून इंदूरवरून देवासला जाणारी एक बस होती. ती आज जायची, उद्या यायची, करवतीसारखी पुढे-मागे. तिच्या ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. सगळ्या रस्त्याचे निरोप उस्तादच नेत असे, तोंडी. चिठ्ठी पुढं केली की त्याला अपमान वाटायचा. “क्यों भिया, अपने पे भरोसा नी है क्या?” अडचण एवढीच, की उस्तादच्या तोंडात कायम पान असायचं, आणि निरोप त्या पानातून आत जाऊन त्या पानातूनच बाहेर यायचा.

मी सांगितलं, “तात्या को बोलना, जमाईसाब को कडक, दातेदार पत्ती चाहिए. जो जल्दी खतम न हो.”

“कड़क, दातेदार. हो जाएगा भिया,” असं उस्ताद म्हणाला. निदान मला तसं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन पुडकं घेतलं. हाताला मऊ लागलं. शंका आली. घरी येऊन सोडलं तर आत चहा! उत्तम, कडक, दाणेदार चहापत्ती, भरपूर, जल्दी खतम न होणारी!

मी कपाळावर हात मारला. दातेदारचं दाणेदार झालं होतं, आणि पत्ती म्हणजे हिंदीत पातंही आणि चहाही! मी शुद्ध मराठीत ‘करवतीचं पातं’ म्हणालो असतो तर हा घोटाळाच झाला नसता. पण उंबऱ्याबाहेर आमची मराठी अशी कुठं निघते?

पुडक्याच्या तळाशी कागदाची एक छोटी पुडी होती. सुंठ आणि वेलदोडा कुटून. तात्या चहात साखरसुद्धा विसरायचे, ते सुंठ कशाला कुटतील? मी चहा केला. सवयीनं दोन कपांत ओतला. मग एक प्यालो, आणि दुसऱ्याकडे बघत बसलो. तो निवल्यावर तोही प्यालो. (नासाडी मला आवडत नाही.)

गुढीपाडवा दोन दिवसांवर आला. मी उस्तादला गाठलं. “उस्ताद, पत्ती नहीं! आरी बोलना, आरी! तात्या के पास पुरानी आरी का सामान है, वो!”

“तो पैले ही आरी बोलना था नी भिया!”

मला अगदी निश्चिंत वाटलं. आरीत घोटाळा कसला? पण निरोप पोचवायचा होता तात्यांना! आणि तात्यांची मराठी म्हणजे संस्थान बसलं त्या दिवशी जी होती ती. हिंदीत आरी म्हणजे करवत. तात्यांच्या मराठीत आरी म्हणजे चांभाराची, चामड्याला भोकं पाडायची, अणकुचीदार टोचणी!

ती आली. व्यवस्थित धार लावून. सोबत मेण लावलेला दोरा, नीट गुंडी करून.

उस्ताद पिंक टाकून म्हणाला, “भाभी पूछ री थीं, जूते इत्ते फट गए क्या?”

संक्रांतीनंतर कुमुदकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी तिथंच स्टँडवर खाली पाहिलं. जोडा खरंच फाटला होता. अंगठा बाहेर येऊन जगाकडे बघत होता. मला पत्ता नव्हता! देवासात बसून तिला कळलं, आणि त्याच जोड्यात पाय घालून हिंडणाऱ्या मला नाही.

घरी येऊन मी जोडा शिवला. जोड्याला सहा टाके आणि माझ्या बोटाला चार भोकं, असा एकूण जमाखर्च झाला.

आता मात्र मी निश्चय केला. हिंदी बंद! निरोप निव्वळ मराठीतून, आणि तोही उस्तादकडून घोकून घ्यायचा. विचार केला, मोठी पाती वाकून मोडताहेत, तेव्हा लांबीला कमी मागवावीत. बसच्या पायरीवर उभं राहून मी एकेक शब्द सुटा करून सांगितला: “मोठी पाती मोडली. टिकली तर लहान पातीच.”

उस्तादनं घोकलं. चक्क पान थुंकून घोकलं! बिनचूक! मी खूश होऊन घरी आलो.

इथं देवासबद्दल थोडं सांगायला हवं. देवास हे एकच गाव, पण त्यात राज्यं दोन. दोन गाद्या, दोन दरबार, रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा! त्या राज्यांची नावं थोरली पाती आणि धाकटी पाती. तात्यांनी जन्म काढला थोरल्या पातीच्या चाकरीत. माझं घराणं धाकट्या पातीतलं. सोयरीक ठरताना तात्या नुसतं “हं, धाकट्या पातीतले” म्हणाले होते, आणि त्या ‘हं’मध्ये सगळं होतं. दोन्ही राज्यं विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. तात्या अजून त्या सुतकात होते. त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे.

माझा निरोप इंदूरपर्यंत अगदी शाबूत गेला. पण उस्ताद पडला जाणता माणूस! देवासची वेस दिसू लागल्यावर त्यानं विचार केला, आपले धारवाले भिया परदेशी राहून बोली विसरले. देवासात काही मोठी पाती, लहान पाती म्हणत नाहीत. त्यानं निरोप दुरुस्त केला. तात्यांच्या ओट्यासमोर बस थांबवून, खिडकीतून डोकं काढून, चार शेजारी ऐकताहेत अशा आवाजात त्यानं सांगितलं, “तात्यासाब! जमाईसाब ने बोला है, थोरली पाती मोडली! टिकली तर धाकटी पातीच!”

हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी, तिसऱ्यांदा तरी पातं येईल म्हणून, चैत्रातल्या तृतीयेच्या आदल्या दिवशी स्टँडवर उभा होतो. बस आली. उस्ताद माझ्या नजरेला नजर न देता टपावर चढला. आणि दारातून आधी एक काठी उतरली, मग पगडी, मग पगडीखाली लालभडक झालेले तात्या!

“जावईबापू!”

मी वाकून नमस्कार करायला गेलो. त्यांनी पाय मागं घेतले.

“थोरली पाती मोडली, हे आम्हाला मोटारड्रायव्हरच्या तोंडून कळावं? भर ओट्यावर? आणि धाकटी टिकली म्हणे! कुठं टिकली? दाखवा! दोन्ही एकाच दिवशी बुडाल्या, जावईबापू! आमच्या बरोबर तुमच्याही!”

“तात्या, अहो, मी पाती म्हणजे...”

“पाती म्हणजे काय ते आम्ही तुमच्याकडून शिकायचं?”

त्यांच्या मागून कुमुद उतरली. पदराचं टोक दातांत धरलेलं. रडते आहे की हसते आहे, ते कळेना. मला एवढंच दिसलं की ती थोडी वाळली होती, आणि तिच्या हातात तीच ट्रंक होती.

मी पळत सुटलो! होय, सासरा आणि बायको स्टँडवर सोडून, घराकडे! ती दोघं माझ्या मागं येऊन दारात पोचली तेव्हा मी दोन्ही हातांत सूप घेऊन उभा होतो. सुपात मोडक्या पात्यांचा ढीग.

“ही बघा पाती! ही मोठी पाती! मोडली! दुसरं काही मोडलं नाही हो तात्या!”

तात्यांनी सुपात पाहिलं. एक तुकडा उचलून त्याचे दाते अंगठ्यानं चाचपले. मग कोपऱ्यातल्या कांबीकडे पाहिलं, तिच्यावरचे ओरखडे पाहिले. खाली बसले आणि पगडी काढून गुडघ्यावर ठेवली.

“एवढी सगळी एका कांबीवर?”

“हो.”

“आणि तो चहा?”

“तेही पातंच होतं.”

“आणि आरी?”

“तीसुद्धा.”

कुमुदनं एव्हाना करवत हातात घेतली होती. फरासखान्याच्या अंगणात खेळत वाढलेली मुलगी ती! तिनं चौकट उजेडात धरली आणि मग तिच्या दातांतला पदर सुटला. किती हसावं माणसानं!

“अहो, पातं उलटं लावलंय! दाते तुमच्याकडे तोंड करून आहेत. लोखंड कापायचं ते पात्यानं पुढं जाताना. तुम्ही पुढं जाताना नुसतं घासताय!”

म्हणजे इतके दिवस मी लोखंडाला गोंजारत होतो.

“हे जोडे तुम्ही शिवलेत?” तिनं दाराशी पाहून विचारलं.

“हो.”

“दिसतंय,” ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली. तिथं दोन कप शेजारी शेजारी पालथे घातलेले होते. त्यांच्याकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग आधण ठेवलं.

चहा होताच तात्या मला घेऊन भेरूलालकडे निघाले. दुकानात त्यांनी फर्मावलं, “पातं दाखवा.” भेरूलालला मराठी येत नव्हती, तात्यांना हिंदी येत असून ते बोलत नव्हते; तरी दोघांचं अर्ध्या मिनिटात जमलं. तात्यांनी पातं वाकवून सोडलं, कानाशी धरून टिचकी मारली, दात्यांवरून नख फिरवलं. म्हणाले, “पत्रा असेल तर बारीक दाते. अशी जाड कांब असेल तर रुंद दाते, म्हणजे कीस अडकत नाही. ताण पुरता द्यायचा, तेलाचं बोट लावायचं, आणि घाई करायची नाही. आणि कडक पातं सरावाच्या हाताला. तुम्हाला लवचीक.”

“या तो मैं पैले दिन से कै रियो हूँ!” भेरूलाल ओरडला. त्याला मराठी येत नव्हती, पण हे बरोबर समजलं!

“तात्या, तुमची ती विलायती पाती आणली असती तर...”

“तुम्ही मागितली कुठं?” तात्या म्हणाले. “आणि मागितली असती तरी दिली नसती. मोडली असतीत.”

घरी येऊन आम्ही दोघांनी कांबी कापल्या. दोन तात्यांनी, दोन मी. पातं सुलटं असलं की लोखंड कसं कापलं जातं, ते मी प्रथमच पाहिलं. कीस चकाकत खाली पडत होता, आणि सगळ्या कामाला ते एकच लवचीक पातं पुरलं. शेवटची कांब कापताना तात्या समोर बसून बघत होते. एकदम म्हणाले, “घरात वर चार रिकाम्या कड्या राहिल्यात. जेवायला बसलं की नजर तिकडेच जाते. कुमुद होती तेव्हा जात नव्हती.”

मी करवत थांबवली.

“चालू द्या. मधे थांबलं की पातं अडकतं,” ते म्हणाले.

वरचे आकडे पुन्हा वळवायला मात्र आम्ही लोहाराला बोलावलं. (माझी प्रतिज्ञा कापण्यापुरती होती.) दुसऱ्या दिवशी कुमुदनं झोपाळ्यावर गौर मांडली. शेजारणी आल्या, आंबेडाळ झाली, पन्हं झालं. आणि निम्म्या हळदीकुंकवात गौर आपली घसरत घसरत फळीच्या डाव्या टोकाला! कुमुदनं तिला मधे बसवलं. ती पुन्हा डावीकडे. घरमालकीणबाई हात जोडून म्हणाल्या, “देवीला काहीतरी सांगायचंय.”

देवीला काय सांगायचं होतं ते तात्यांनी दोन कांबी शेजारी धरून शोधलं. ‘हातभर’ कापायचं ठरलं होतं. त्यांच्या दोन कांबी त्यांनी त्यांच्या हातानं मोजल्या होत्या. माझ्या दोन मी माझ्या. आणि धाकट्या पातीचा हात थोरल्या पातीपेक्षा चांगला चार बोटं आखूड भरला! माझ्या दोन्ही कांबी तेवढ्या लांब राहिल्या आणि त्यांच्या बाजूचं डावं टोक खाली आलं.

“पुन्हा कापू?” मी विचारलं.

“नको!” दोघंही एकदम ओरडली.

जाताना तात्यांनी कापलेले चार तुकडे मागितले. जुने आकडे त्यांनाच राहिले होते. “तुम्हाला लागणार नाहीत ना?” त्यांनी असं विचारलं की जणू तोफा मागताहेत. पुढं आम्ही देवासला गेलो तेव्हा पाहिलं, तात्यांच्या घरात वरच्या चार कड्यांना हातभर लांबीच्या चार कांबी लोंबत होत्या. खाली काही नाही. वारा आला की एकमेकींवर वाजायच्या. त्यांच्याखाली तात्या पानतंबाखूचा डबा घेऊन बसायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, “झोपाळा धारला आहे. हा त्याचा देवासचा भाग.” कुमुद दर महिन्याला जाऊ लागली, आणि मी कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही.

तो झोपाळा अजून आमच्याकडे आहे, आणि तसाच कललेला आहे. दोघं बसलो की कुमुद तिच्या टोकावरून आपोआप माझ्याकडे घसरते. ती म्हणते, ही तुमची चूक. मी म्हणतो, हिशेब. पण एकट्यानं बसलं की वाईट. आत्ताचंच घ्या ना. कुमुद मुलीच्या बाळंतपणाला इंदूरला जाऊन महिना होत आला. मी तिच्या टोकावर बसतो, आणि पान खाऊन होईपर्यंत माझ्या टोकाला येऊन आदळतो. उठतो, पुन्हा तिकडे जाऊन बसतो. पाल चुकचुकते.

तिला निरोप पाठवावा म्हणतो, पत्ती संपली आहे, ये. या वेळी खरोखर चहाचीच म्हणतोय. पण आमचं नशीब मला ठाऊक आहे: ती स्वतः यायची राहील, आणि उद्याच्या बसनं करवतीचं पातं येईल!